इंग्लंडच्या महापालिकेत ठाणेकराचं मत

ठाण्या-नवी मुंबईतून मास्टर्ससाठी लीड्सला, कोव्हेंट्रीला, मँचेस्टरला जाणाऱ्या मुलांना बाकी सगळं सांगितलं जातं. कुकर न्यावा की नाही, हळद-तिखट किती न्यावं, बँकेचं खातं कुठं उघडावं. एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. भारतीय पासपोर्ट हातात असतानाच त्यांना तिथल्या कौन्सिलच्या, म्हणजे महापालिकेच्या, निवडणुकीत मत देता येतं. त्यासाठी नागरिकत्व बदलावं लागत नाही आणि पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवानाही लागत नाही. भारत राष्ट्रकुलात आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक वैध परवान्यावर तिथे राहत असेल आणि वय १८ पूर्ण असेल, तर तो तिथला पक्का मतदार. विद्यार्थी व्हिसा चालतो, नोकरीचा चालतो, डिपेंडंट म्हणून गेलेल्या जोडीदाराचाही चालतो. नातवंडं सांभाळायला सहा महिने गेलेल्या आजी-आजोबांनी मात्र या भानगडीत पडू नये. मतदाराचं राहतं घर तिथलं असावं लागतं.

हक्क सोपा आहे. तो बुडतो तो बारीकसारीक कागदांमुळे आणि तिथलं निवडणुकीचं वेळापत्रक आपल्या सवयीत बसत नाही म्हणून.

आधी वेळापत्रकच बघू. इंग्लंडमध्ये मेट्रोपॉलिटन बरो ३६ आहेत. १९७२ च्या कायद्याने ठरलेल्या आणि १ एप्रिल १९७४ पासून कारभार सुरू झालेल्या या महापालिका ग्रेटर मँचेस्टर, मर्सीसाइड, साउथ यॉर्कशर, वेस्ट यॉर्कशर, टाइन अँड वेअर आणि वेस्ट मिडलंड्स या सहा पट्ट्यांत आहेत. लंडन यात नाही, त्याची व्यवस्था वेगळी. या सहा पट्ट्यांवर पूर्वी काउंटी कौन्सिल नावाचा वरचा मजला होता. १९८६ मध्ये तो काढून टाकला आणि बहुतेक सगळा कारभार बरोकडे आला.

बहुतेक बरोंमध्ये प्रभाग तीन नगरसेवकांचा असतो. लीड्समध्ये ३३ प्रभाग आणि ९९ नगरसेवक, मँचेस्टरमध्ये ३२ आणि ९६, बोल्टनमध्ये २० आणि ६०. बोल्टनची लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास, म्हणजे पाच हजार माणसांमागे एक नगरसेवक. ठाण्यात २०११ च्या जनगणनेतल्या १८ लाखांवर लोकांसाठी १३१ आहेत, म्हणजे एकामागे १४ हजार. गटाराची तक्रार घेऊन भेटायला तिकडचा नगरसेवक का सापडतो, याचं निम्मं उत्तर या भागाकारात आहे.

हे तिघं एकदम निवडून येत नाहीत. नगरसेवकाची मुदत चार वर्षांची. पण पहिल्या वर्षी एकाची जागा निवडणुकीला, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याची, तिसऱ्या वर्षी तिसऱ्याची, आणि चौथं वर्ष मोकळं. काउंटी कौन्सिल होती तेव्हा त्या चौथ्या वर्षी तिची निवडणूक व्हायची. कौन्सिल गेली, वर्षाची खाच तशीच राहिली. २०२२, २०२३ आणि २०२४ मध्ये मतदान झालं, २०२५ मोकळं गेलं, २०२६ पासून पुन्हा फेरा सुरू. मतदानाचा दिवस म्हणजे मे महिन्यातला पहिला गुरुवार.

आपल्याकडच्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. नवी मुंबईत २०१५ ला निवडून आलेल्यांची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्यातली मार्च २०२२ मध्ये, आणि दोन्हीकडे पुढचं मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ ला. तोवर प्रशासक. तिकडेही २०२० ची निवडणूक करोनामुळे पुढे गेली, पण मे २०२१ मध्ये ती घेऊन मोकळे झाले. दर वर्षी मतदानाने माणूस कंटाळतो, हा आक्षेप तिथेही आहेच आणि तो खोटा नाही. तिसरा हिस्सा मतदार आले तरी बरं, अशी परिस्थिती पुष्कळ ठिकाणी असते.

या तिसऱ्या हिश्श्याच्या पद्धतीचा परिणाम आकड्यांत बघावा. बोल्टनएवढ्या ६० जागांच्या सभागृहात बहुमत ३१ चं. समजा एका पक्षाकडे ४५ जागा आहेत आणि त्यातल्या १५ या वर्षी पणाला लागल्या. दहा हरल्या तरी ३५ उरतात, सत्ता शाबूत. लोकांचा राग दोन वर्षं टिकला तरच सहसा सभागृह उलटतं. एका लाटेत सगळं सभागृह नवख्यांनी भरून जात नाही, हा फायदा. कारभार सडला असेल तर तो झटकन साफ करता येत नाही, हा तोटा. आणि सत्ताधाऱ्यांचा एक डोळा सतत पुढच्या मेवर असतो, त्यामुळे कटू निर्णय मोकळ्या वर्षात ढकलले जातात. बर्मिंगहॅमच्या कारभाराची २०१४ मध्ये ज्येष्ठ सनदी अधिकारी सर बॉब केर्सलेक यांनी तपासणी केली तेव्हा ही पद्धतच सोडा असं सुचवलं. तिथे २०१८ पासून चार वर्षांतून एकदा सगळ्या १०१ जागांसाठी निवडणूक होते, प्रभागही एक किंवा दोन जागांचे केले. लिव्हरपूलनेही २०२३ मध्ये तोच रस्ता धरला. म्हणून तिकडे गेल्यावर पहिलं काम हे की आपली बरो कोणत्या पद्धतीची आहे ते कौन्सिलच्या वेबसाइटवर बघायचं. एका वर्षाच्या मास्टर्सवाल्याच्या वाट्याला एकच मे येतो, आणि तो नेमका मोकळा निघू शकतो.

प्रभागांच्या हद्दी बदलल्या की एखाद्या वर्षी तिन्ही जागा एकदम भरतात. पॅनेलची, म्हणजे एका प्रभागातून तिघं-चौघं एकदम निवडायची सवय असलेले आपले लोक इथेच गोंधळतात. ठाण्यात १३१ जागा ३३ प्रभागांत, नवी मुंबईत १११ जागा २८ प्रभागांत. दोन्ही शहरांत एकेक प्रभाग तिघांचा, बाकी सगळे चौघांचे. नवी मुंबईकरांना तर पॅनेल २०२६ मध्येच पहिल्यांदा दिसलं. आपल्या पॅनेलमध्ये अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या लढती असतात, प्रत्येकीचं आरक्षण वेगळं, मतपत्रिकेचा रंग वेगळा: पांढरा, फिकट गुलाबी, फिकट पिवळा, फिकट निळा. चारही जागांवर बटण दाबायचं, कोणी पसंत नसेल तिथे नोटा. त्याशिवाय यंत्र मत पूर्ण झाल्याचा आवाज देत नाही.

तिकडे अ-ब-क नाही आणि आरक्षणही नाही. तिन्ही जागांसाठी एकच कागद, आडनावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने सगळे उमेदवार एका रांगेत, आणि वर सूचना: तीनपर्यंत फुल्या करा. पहिले तीन निवडून येतात. चौथी फुली केली की अख्खा कागद बाद. एकच किंवा दोनच फुल्या केल्या तर मात्र कागद वैध. उरलेली मतं नुसती वापरली गेली नाहीत इतकंच. खरं तर आपला एकच माणूस ठरलेला असेल तर एकच फुली त्याच्या फायद्याची, कारण उरलेल्या दोन फुल्या त्याच्याच स्पर्धकांना जातात. एकाच पक्षाचे तिघं असले तरी यादीत वरच्या आडनावाला थोडी जास्त मतं पडण्याचा कल असतो, त्यामुळे डब्ल्यू-वायवाले उमेदवार अशा वर्षी जरा धास्तावलेले असतात. त्यांचं कारणही रास्त आहे. तिघांत सर्वाधिक मतांच्या नगरसेवकाला सगळ्यांत लांब मुदत मिळते, त्याखालच्याला त्याहून कमी, आणि तिसऱ्याला सगळ्यांत आखूड. पुढच्या वर्षांची साखळी पुन्हा जुळायला हवी ना.

आता नोंदणी. सप्टेंबरमध्ये उतरलात की घराचा पत्ता पक्का झाल्या झाल्या सरकारी वेबसाइटवर अर्ज करायचा. पाच मिनिटांचं काम. नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पत्ता आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर (तिथे नोकरी करणाऱ्याला मिळणारा सरकारी क्रमांक) एवढंच विचारतात. शेवटचा नंबर अजून मिळाला नसेल तर तसं कारणासह लिहायचं. मग कौन्सिल पासपोर्टची प्रत वगैरे मागते. पुष्कळ मुलं या मागणीच्या ईमेलला उत्तरच देत नाहीत आणि अर्ज तसाच पडून राहतो. मंजूर झाला की पत्र येतं. पत्र आलं नाही तर नाव आलं नाही असं धरून चालावं. तिकडे ऑगस्टपासून पुढे कौन्सिल घरोघरी पडताळणीची पत्रंही टाकते. त्यात उत्तर मागितलं असेल तर ते देणं कायद्याने बंधनकारक आहे, टाळलं तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. घर चार-पाच जणांनी मिळून घेतलं असेल तर ते पत्र ‘दुसऱ्या कोणाचं तरी’ म्हणून दाराशी पडून राहतं. ते उघडा.

अर्जात एक चौकोन असतो, खुल्या यादीतून नाव वगळा म्हणून. तो निवडावा. खुली यादी कोणालाही विकत मिळते, मग जाहिरातींची टपाल सुरू होते. मूळ यादीत नाव असल्याचा एक व्यवहारी फायदा मात्र आहे: क्रेडिट तपासणाऱ्या कंपन्या तीच यादी बघतात. नुकत्या आलेल्या माणसाचा तिथे काहीच इतिहास नसतो, तेव्हा मोबाइलचं कॉन्ट्रॅक्ट घेताना ही नोंद उपयोगी पडते. मतदानात रस नसलेल्यांनीही एवढ्यासाठी तरी नोंदणी करावी.

मुदती कामाच्या दिवसांवर मोजतात आणि तिथे फसगत होते. मतदानाआधी १२ कामाचे दिवस म्हणजे नोंदणीची शेवटची तारीख. ११ दिवस आधी संध्याकाळी ५ पर्यंत टपाली मताचा अर्ज. ६ दिवस आधी ५ पर्यंत आपल्या वतीने मत देणाऱ्या प्रतिनिधीचा अर्ज. मे महिन्याचा पहिला सोमवार सुट्टीचा असतो, शनिवार-रविवार धरायचे नाहीत. ७ मे २०२६ च्या मतदानासाठी हा हिशेब केला तर नोंदणी २० एप्रिलला बंद, टपाली अर्ज २१ एप्रिलला, प्रतिनिधीचा २८ एप्रिलला. ‘बारा दिवस आधी’ म्हणून २५ एप्रिलची वाट बघत बसलेला माणूस पाच दिवसांनी हुकतो.

मतदान केंद्रावर फोटोचं ओळखपत्र दाखवण्याची सक्ती इंग्लंडमध्ये मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांपासून आली. इथे आपल्या लोकांना एक सोय आहे: राष्ट्रकुलातल्या देशाचा पासपोर्ट चालतो, म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. मुदत संपलेला असला तरी फोटोवरून चेहरा ओळखता आला की पुरे. चालत नाही ते असं: आधार, भारतीय लायसन्स, युनिव्हर्सिटीचं कार्ड, आणि कशाचाही मोबाइलमधला फोटो. कागद हातात हवा. पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला असेल तर मतदार ओळखीचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. त्याचीही मुदत सहा कामाचे दिवस आधी ५ वाजता. ही मुदत उलटल्यावर ओळखपत्र हरवलं किंवा चोरीला गेलं, तर मतदानाच्या दिवशी ५ वाजेपर्यंत तातडीचा प्रतिनिधी नेमता येतो. ही सोय फार कमी जणांना माहीत असते.

नावाकडे नीट लक्ष द्यावं. मराठी पासपोर्टवर पहिल्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लागलेलं असतं, आणि युनिव्हर्सिटीत, बँकेत, ऑफिसात नुसतं पहिलं नाव-आडनाव चालू असतं. नोंदणी पासपोर्टवर आहे तसंच नाव घालून करावी. मधलं नाव गळलं तर सहसा अडत नाही, पण आडनावच निराळं असेल तर केंद्रावरचा अधिकारी कागद देणार नाही. लग्नानंतर पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि मतदार यादीत सासरचं आडनाव असेल, तर विवाहाचा दाखला सोबत न्यावा.

केंद्र सकाळी ७ ते रात्री १० उघडं असतं. शाळा, चर्चचा हॉल, वाचनालय, क्वचित पबसुद्धा. रात्री १० ला रांगेत उभे असाल तर मत देता येतं. घरी आलेलं मतदार कार्ड न्यायलाच हवं असं नाही, पण त्यावर केंद्राचा पत्ता असतो आणि दुसऱ्या केंद्रावर मत देता येत नाही. दाराशी पक्षाचा फुलासारखा बिल्ला लावलेली माणसं तुमचा यादीतला क्रमांक विचारतात. ते सरकारी नसतात. आपल्याकडे केंद्राबाहेर टेबल टाकून स्लिपा देणारे कार्यकर्ते असतात त्यांचेच ते चुलतभाऊ; कोण येऊन गेलं ते टिपायचं आणि संध्याकाळी उरलेल्यांची दारं ठोठवायची. नंबर सांगणं बंधनकारक नाही.

आत यंत्र नाही, शाई नाही, नोटा नाही. अधिकारी नाव-पत्ता विचारतो, ओळखपत्र बघतो, छापील यादीत पट्टी ठेवून तुमच्या नावावर रेघ मारतो आणि मतपत्रिका देतो. कप्प्यात दोरीला बांधलेली पेन्सिल असते. पेन्सिल बघून आपल्या माणसाच्या मनात शंका येतेच. स्वतःचं पेन वापरायला मनाई नाही. फुली करायची. बरोबरची खूण केली तरी इरादा स्पष्ट असेल तर मत धरतात, पण नाव, सही, फोन नंबर असं ओळख पटवणारं काहीही लिहिलं की बाद. कागद चुकला तर पेटीत टाकण्याआधी परत देऊन दुसरा मागता येतो. नवरा-बायकोने एका कप्प्यात उभं राहू नये. ‘अहो, कोणाला द्यायचं?’ हे हॉलच्या बाहेर ठरवून यावं. २०२३ च्या गुप्त मतदानाच्या कायद्याने दुसऱ्याच्या मतावर असा प्रभाव टाकणं गुन्हा आहे.

टपाली मत सोयीचं, पण बाद होण्याचं प्रमाण इथेच जास्त. पाकिटात मतपत्रिका, ती घालायचं छोटं पाकीट, वेगळं निवेदन आणि परतीचं मोठं पाकीट असतं. निवेदनावर सही आणि जन्मतारीख लिहायची. या दोन्ही अर्जातल्याशी ताडून बघतात. नेहमीच्या चुका तीन. जन्मतारखेच्या जागी आजची तारीख घालतात. अर्जावर इंग्रजी सही आणि निवेदनावर मराठी, किंवा उलट. आणि एकाच घरातल्या दोघांची निवेदनं एकमेकांच्या पाकिटात जातात. पाकीट मतदानाच्या रात्री १० पर्यंत पोचायला हवं, नुसतं टपालात पडून चालत नाही. उशीर झाला तर स्वतः केंद्रावर नेऊन द्यावं, पण तिथे फॉर्म भरावा लागतो. स्वतःचं एक आणि इतरांची पाच, त्याहून जास्त पाकिटं स्वीकारत नाहीत. पाकीट नुसतं पेटीजवळ ठेवून निघून गेलात तर ते बाद.

प्रचार म्हणाल तर आपल्याकडून गेलेल्याला निवडणूक आहे हेच कळत नाही. भोंगे नाहीत, रिक्षा नाहीत, वाढदिवसाचे बॅनर नाहीत. दाराच्या फटीतून पत्रकं पडतात. ती फट स्प्रिंगची असते, आतल्या बाजूला ब्रश, आणि पलीकडे कधीकधी कुत्रा. म्हणून मुरलेले कार्यकर्ते पत्रक लाकडी डावाने आत ढकलतात, बोटांनी नाही. नगरसेवकाच्या निवडणुकीला अनामत रक्कमच नाही. प्रभागातला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरतो. पूर्वी दहा सह्या लागायच्या. खर्चाची मर्यादा २०२१ मध्ये ८०६ पौंड अधिक मतदारामागे ७ पेन्स अशी ठरली होती, म्हणजे १० हजार मतदारांच्या प्रभागात १,५०६ पौंड. पुढे ती वाढली, तरी आपल्याकडच्या एका चौकसभेच्या मांडवाइतकीच. उभं राहायचं असेल तर मात्र मतदार असणं पुरत नाही: विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावर उमेदवारी नाही, कायम वास्तव्याचा परवाना लागतो.

दारावर उमेदवार आला तर पाण्याबद्दल भांडू नका, तिथे पाणी खासगी कंपनीचं. कचऱ्याचे डबे, रस्त्यावरचे खड्डे, वाचनालय, वृद्धांची देखभाल, बांधकाम परवानगी, भाड्याने दिलेल्या घरांची तपासणी हे कौन्सिलचं. बुरशी धरलेल्या खोलीचं महिना सहाशे पौंड भाडं भरणाऱ्या विद्यार्थ्याला शेवटचा विषय सगळ्यांत जवळचा, आणि तो विचारणारे मतदार कमी असतात.

मोजणी हाताने. आधी पेटीतल्या कागदांची संख्या केंद्राच्या हिशेबाशी जुळवतात, मग उमेदवारवार गठ्ठे लावतात. शंकेचे कागद बाजूला काढून उमेदवारांसमोर एकेक दाखवून निवाडा होतो. फरक थोडा असेल तर फेरमोजणी मागता येते. समसमान मतं पडली तर चिठ्ठी; २०१७ मध्ये मुंबईच्या प्रभाग २२० चा निकाल असाच लागला होता. तिकडेही चिठ्ठी ज्याच्या नावाची निघेल त्याला एक मत जास्त पडलं असं कायदा मानतो. तिन्ही जागा एकदम भरल्या त्या वर्षी निवडून आलेल्या दोघांना सारखी मतं पडली, तर त्यातला कोण जास्त वर्षं बसणार हेही चिठ्ठीवरच ठरतं.